करंजी घाटातली क्लच वायर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागाच्या सरांनी "तू काहीतरी टेक्निकल लिही" म्हटल्यावर चार दिवस हॉस्टेलच्या गच्चीवर वही घेऊन नुसती बसून होते. पहिलं वाक्य डोक्यात इंग्रजीतच यायचं. मग लक्षात आलं, की गॅरेजची भाषा तर मला मराठीतच येते! पाना, पत्रा, पक्कड, वायसर, झिजणं, घसरणं, हे सगळे शब्द मी मामांकडून शिकले. तेव्हा हा लेख मामांच्या जीपबद्दल आहे. खरं म्हणजे त्या जीपच्या एका दीड मीटरच्या वायरबद्दल.

मामा केडगावला राहतात. दौंडजवळचं केडगाव नव्हे, नगरचं. पुण्याहून एसटीने आलं की माळीवाड्याच्या आधी लागतं ते. (२०२४ पासून सरकारी कागदावर नगरचं अहिल्यानगर झालं, मामांच्या तोंडी मात्र अजून नगरच आहे.) नगर हे गाड्यांचं गाव. १९४८ पासून इथे लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, १९९४ मध्ये सुरू झालेलं टँक म्युझियम आहे, आणि 'चल मेरी लूना' म्हणत ज्या लूनाने अख्खा देश फिरवला ती १९७२ पासून इथेच बनायला लागली. अशा गावात जुन्या जीपचं वेड असणारी माणसं असणारच. आमचे मामा त्यातले एक.

घाटात काय झालं

मे महिन्यात आम्ही सगळे मोहटादेवीच्या दर्शनाला निघालो होतो. पुढे मामा आणि आजी, मागे मामी, मी आणि मामांची दोन मुलं. नगर-पाथर्डी रस्त्यावर करंजी घाट लागतो. दुपारचे बारा वाजलेले, पुढे एक भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत होता आणि आम्ही त्याच्या मागे. क्लच दाब, सोड, दाब, सोड.

अर्ध्या घाटात मामा म्हणाले, "क्लच जड झालाय गं." दोन वळणांनंतर पेडल खाली गेलं ते अर्ध्यातूनच वर आलं. पुढचा ट्रक थांबला. मामांनी क्लच दाबला, पण इंजिन काही चाकांपासून सुटेना. ब्रेकवर पाय ठेवताच गाडी दोन हिसके देऊन बंद पडली. हँडब्रेक ओढून मामा ओरडले, "दगड लावा चाकाला!" आम्ही पोरांनी उड्या टाकून मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. आजी आत बसून देवीचं नाव घेत होती. एका बाजूला दरी होती, एवढंच सांगते.

तासभर थांबलो. गाडी गार झाली तसा क्लच थोडाफार चालायला लागला. दर्शन राहिलं बाजूला, तशीच गाडी वळवून सावकाश घरी आलो. नेहमीच्या वस्तादांनी वायर काढली, हातात फिरवली आणि म्हणाले, "डुप्लिकेट माल आहे, चांगली टाकू." मी म्हटलं, "वस्ताद, टाकायच्या आधी जुनी मला द्या." ती वायर मी बॅगेत घालून हॉस्टेलवर आणली. रूममेट म्हणाली, "लोकं मामाकडून आंबे आणतात."

ब्लेडने वायर चिरली तेव्हा वस्तादांचं निदान चुकलं होतं हे कळलं. पूर्ण वायर ठीक होती. फक्त एका ठिकाणी, साधारण वीतभर लांबीत, बाहेरचं काळं प्लॅस्टिक फुगून चकाकत होतं, आणि तेही एकाच बाजूने. आतलं पांढरं अस्तर मेणासारखं पसरलेलं, आणि तारेने त्यात खोल चर पाडलेली. जीपमध्ये तेवढीच वीतभर जागा कुठे येते? हेडरच्या समोर.

क्लच वायर काम कशी करते

ज्यांची ब्रँच मेकॅनिकल नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. सायकलच्या ब्रेकला असते तीच ही वायर, फक्त जाड. आत पिळाची पोलादी तार, तिच्याभोवती गुळगुळीत प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला पोलादी वेढा, आणि सगळ्यात बाहेर प्लॅस्टिकचं आवरण. १८९६ मध्ये अर्नेस्ट बाउडन याने याचं पेटंट घेतलं, म्हणून पुस्तकात तिला बाउडन केबल म्हणतात. कल्पना साधी आहे. आतली तार ओढते तेव्हा बाहेरचा वेढा तेवढ्याच जोराने दाबला जातो, म्हणून वायर वाकडीतिकडी नेली तरी ओढ दुसऱ्या टोकाला पोचते.

पण पोचताना ती पूर्ण पोचत नाही. प्रत्येक वळणावर तार अस्तरावर घासते. विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळला की एका हाताने भरलेली घागर धरता येते ना, तेच इथे आपल्या विरुद्ध काम करतं. सूत्र आपल्याला फर्स्ट इयरला आहे: दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे ई चा (म्यू गुणिले थीटा) इतकावा घात. म्यू म्हणजे घर्षणांक, थीटा म्हणजे सगळ्या वळणांची बेरीज, रेडियनमध्ये.

आकडे घालून बघा. समजा सगळी वळणं मिळून १८० अंश आहेत आणि क्लचच्या टोकाला २० किलोची ओढ हवी आहे. अस्तर चांगलं असेल आणि घर्षणांक ०.१ असेल तर पेडलच्या टोकाला सुमारे २७ किलो ओढावं लागतं. अस्तर खराब होऊन घर्षणांक ०.३ झाला तर तेच ५१ किलो होतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट! मामांचा पाय म्हणत होता ते हेच.

दुसरी गोष्ट पेडल अर्ध्यातून परत येण्याची. प्लॅस्टिक मऊ पडलं की बाहेरचा वेढा नीट आधाराने उभा राहत नाही. तो दबतो, वाकतो, थोडा आखूड होतो. तेवढी पेडलची चाल वाया जाते, क्लच प्लेट पूर्ण सुटत नाही. गिअर करकरतो, आणि घाटात थांबल्यावर इंजिन बंद पडतं.

इथे एक गंमत सांगते. मूळच्या विलीस जीपमध्ये अशी लांब वायर नव्हतीच. पेडलच्या आडव्या नळीपासून क्लचच्या लिव्हरपर्यंत फक्त एक आखूड, उघडी पोलादी तार होती. ना अस्तर, ना आवरण. वितळायला काही नाहीच! आमच्या जीपच्या आधीच्या मालकाने पेडलची जोडणी बदलून लांब, आवरणवाली वायर घातली. पाय हलका झाला, पण गाडीत प्लॅस्टिकचा एक कमजोर दुवा आला. त्यानंतर मामांनी हौसेने एका फॅब्रिकेटरकडून चार नळ्यांचा हेडर बनवून घेतला. मूळचं बिडाचं मॅनिफोल्ड आटोपशीर, इंजिनला चिकटून असतं. हेडरच्या नळ्या फाकलेल्या, क्षेत्रफळ जास्त, आणि त्यातली एक बरोबर वायरपासून २० मिलिमीटरवर. दोन्ही बदल वेगवेगळ्या माणसांनी केले. दोघांनी एकमेकांचं काम पाहिलं नाही.

उष्णता पोचते कशी

भाराखाली पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. हेडरच्या नळीचा पृष्ठभाग घाटात ५०० अंशांच्या आसपास सहज असू शकतो. शेजारची वायर त्याला टेकलेली नाही. मग ती का वितळते?

उत्तर आहे प्रारण, म्हणजे रेडिएशन. शेकोटीजवळ बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तसं. म्हणून तर वायर एकाच बाजूने फुगली होती. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, आणि तापमान केल्विनमध्ये धरायचं. ५०० अंशांची गंजकी नळी, उत्सर्जकता ०.८ धरली, तर एका चौरस मीटरमागे सुमारे १६ किलोवॅट सोडते. भर दुपारचं ऊन साधारण १ किलोवॅट असतं. म्हणजे सोळा उन्हं! तीच नळी ३०० अंशांवर असेल तर पाचच्या आत. म्हणून सपाट रस्त्यावर पुण्याला जाऊन आलेली जीप काही बोलली नाही, आणि करंजीच्या चढावर बोलली.

आता अंतर. इथे माझी स्वतःची चूक झाली होती. मी धरून चालले की अंतर दुप्पट केलं की उष्णता चौथाई होणार. वर्कशॉपच्या सरांनी विचारलं, "तुझी नळी म्हणजे ठिपका आहे का?" तेव्हा ट्यूब पेटली. लांब नळीसमोर प्रारण अंतराच्या वर्गाने नाही, तर नळीच्या मध्यापासूनच्या अंतराने कमी होतं. ४० मिलिमीटर व्यासाची नळी आणि तिच्या पृष्ठभागापासून २० मिलिमीटरवर वायर, म्हणजे मध्यापासून ४०. तिथे पृष्ठभागाच्या निम्मी उष्णता, सुमारे ८ किलोवॅट, पोचते. वायर ६० मिलिमीटरवर नेली तर मध्यापासून ८०, आणि उष्णता ४ किलोवॅट. तिप्पट लांब नेऊन फायदा निम्म्याचा. फायदा आहेच, पण नुसत्या अंतराने भागत नाही.

प्रारणाशिवाय दोन वाटा आहेत. हेडरवरून वर चढणारी गरम हवा, आणि हेडरला जोडलेल्या क्लिपमधून किंवा पट्टीतून थेट वाहणारी उष्णता. गाडी पळत असताना हवा खेळती असते. घाटात ट्रकमागे रांगताना ती जवळजवळ थांबते. आणि गाडी बंद केल्यावर पंखाही थांबतो, पण हेडर तापलेलाच असतो. म्हणून इंजिन बंद केल्यावरची पहिली दहा-वीस मिनिटं बोनेटखालचं बरंच सामान उलट जास्त तापतं. चहाला थांबलात तर बोनेट उघडं ठेवा असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते उगाच नाही.

काय वितळतं, काय नाही

पोलादाला या तापमानाचं काही वाटत नाही. एक मीटर तार ८० अंशांनी तापली तरी जेमतेम १ मिलिमीटर लांब होते, आणि बाहेरचा पोलादी वेढाही तेवढाच वाढतो. मार खातं ते प्लॅस्टिक.

पीव्हीसीचं आवरण ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पॉलिथिनचं अस्तर १३० अंशांजवळ वितळतं. नायलॉन सहाचा वितळबिंदू २२० आहे, पण ताणाखालची तार त्यात चर पाडायला त्याच्या खूप आधी सुरुवात करते. टेफ्लॉनचं अस्तर मात्र २६० अंशांपर्यंत काम करतं आणि ३२७ ला वितळतं. स्वस्त वायर आणि महाग वायर यातला फरक बाहेरून दिसत नाही, तो आतल्या अस्तरात असतो. म्हणजे वस्तादांचं "चांगली टाकू" अगदीच चुकीचं नव्हतं. फक्त सोळा उन्हांसमोर चांगली वायरसुद्धा चांगली राहिली नसती.

आणि हो, टेफ्लॉन अस्तराच्या वायरमध्ये ग्रीस घालायचं नसतं. ती कोरडीच चालते. ग्रीस धूळ धरतं आणि नगरच्या धुळीबद्दल मी काय सांगावं!

आम्ही काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

मामांचं म्हणणं होतं की हेडरलाच दोरी गुंडाळू. गॅरेजमध्ये पांढरी ॲस्बेस्टॉसची दोरी पडलेलीही होती. यावर आमचं भांडण झालं आणि ते मी जिंकले. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. जुनी दोरी कापताना, उसवताना उडणारे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ते फुप्फुसात जाऊन बसतात. वस्ताद रोज त्या दोरीला हात लावतात. "तीस वर्षं झाली, काही झालं नाही," ते म्हणाले. पण हा आजार यायला तीसेक वर्षंच लागतात, हे त्यांना सांगताना मला फार अवघड गेलं. मामांनी दोरी उचलली नाही. ओली करून, पिशवीत बंद करून बाजूला ठेवली.

ॲस्बेस्टॉस सोडून काचतंतूंची पट्टी मिळते, पण तीही आम्ही टाळली. पट्टीने उष्णता बाहेर यायची थांबते, म्हणजे नळीचा धातूच जास्त तापतो. पावसाळ्यात पट्टी पाणी धरते आणि साध्या पोलादाची नळी पट्टीखाली गंजते. तेल गळून पट्टी भिजली तर आगीची भीती वेगळीच. मग आम्ही पुढच्या क्रमाने गेलो.

पहिलं, वाट बदलली. खर्च शून्य. वायर जिथे हेडरसमोरून जात होती तिथून ती फायरवॉलच्या बाजूला सरकवली. अंतर २० वरून ६० मिलिमीटर झालं. मोह असा होतो की अजून लांब, अजून लांब न्यावी. पण वरचं सूत्र आठवा. वाटेत ९० अंशांचं एक जादा वळण आलं की चांगल्या अस्तरातही ओढ १७ टक्क्यांनी वाढते. वळणं मोठी, गोलसर आणि कमीत कमी. शिवाय इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलतं, वायरचं एक टोक त्याच्याबरोबर हलतं, म्हणून वायरला थोडी ढील हवीच. ती करकचून बांधली तर क्लच सोडताना गाडी थरथरते.

दुसरं, मध्ये आडोसा उभा केला. सगळ्यात जास्त फायदा याचा. समोरासमोर दोन पृष्ठभाग धरून गणित केलं तर मधे एक चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, उत्सर्जकता ०.१, उभा केल्यावर प्रारण सुमारे पंधराव्या हिश्श्यावर येतं. तोच पत्रा काजळलेला, गंजलेला असेल, उत्सर्जकता ०.८, तर ते फक्त निम्म्यावर येतं. प्रत्यक्षात कडेने उष्णता वळून येते, म्हणून पूर्ण पंधरावा हिस्सा मिळत नाही. पण धडा स्पष्ट आहे. आडोशाचं काम जाडीने होत नाही, चकाकीने होतं. काळा रंग मारून देखणा केलेला आडोसा अर्धा वाया गेलेला असतो.

पत्रा कुठून आणला? ज्या प्रेसमध्ये मासिकं छापतात तिथे ऑफसेटच्या वापरलेल्या ॲल्युमिनियम प्लेट रद्दीच्या भावात मिळतात. पातळ असतात, पण चकचकीत. दोन प्लेट घेतल्या, मध्ये वायसर घालून फट ठेवली, कडा वाकवून दुमडल्या म्हणजे धार लागत नाही आणि ताठपणा येतो. (त्यातल्या एका प्लेटवर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आहे. अजून वाचता येते.) आडोसा हेडरला जोडायचा नाही, नाहीतर उष्णता बोल्टमधून चालत येते. आम्ही तो बॉडीला, आधीच्याच भोकांमध्ये बसवला. दोन्ही बाजूंना बोटभर हवा खेळेल एवढी जागा सोडली आणि वर-खाली उघडा ठेवला. धुराड्यासारखी गरम हवा वर निघून जाते.

तिसरं, बाही. काचतंतूंची, बाहेरून ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली बाही मिळते. ती हेडरसमोरच्या भागावर आणि दोन्हीकडे वीतभर जास्त चढवली. चकचकीत बाजू बाहेर, आणि सैल. घट्ट बसवली की मधली हवा जाते आणि अर्धा फायदा जातो. टोकं स्टीलच्या तारेने बांधली. प्लॅस्टिकची पट्टी तिथे दोन दिवस टिकली नसती.

तपासायला थर्मामीटर नव्हता. आम्ही बाहीच्या आत वायरवर मेणबत्तीचे दोन थेंब पाडले. मेण ६० अंशांच्या आसपास वितळतं. मामा करंजी घाट चढून आले तेव्हा थेंब जागच्या जागी होते. तुमच्याकडे लॅबमधलं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तरी एक सावधगिरी घ्या. चकचकीत पत्र्यावर ते खूप कमी आकडा दाखवतं. पत्रा गार आहे असं समजून हात लावाल आणि पोळाल.

दिवाळीत पुन्हा जड

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दिवाळीच्या सुट्टीत केडगावला गेले तर मामा म्हणाले, "बाईसाहेब, तुमची वायर पुन्हा जड झाली."

माझा चेहरा पडला. मामांनी तर हेडर काढून टाकायची तयारी केली होती. वायर काढली, चिरली. या वेळी एका बाजूला फुगलेली जागा नव्हती. अस्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखंच कडक झालेलं, आणि दोन्ही टोकांना, जिथे धातूला धातू टेकतो तिथे, काळे डाग. हेडरची उष्णता अशी खूण सोडत नाही. ती समोरची वीतभर जागा भाजते, पूर्ण वायर नाही.

शेजारच्या बॅटरीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी वायरकडे बघितलंच नाही. गाडीखाली डोकावून एकच प्रश्न विचारला, "इंजिनाची अर्थिंग कुठाय?"

नव्हतीच! हेडर बसवताना आड आली म्हणून इंजिन आणि चेसिसला जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी कुणीतरी काढली होती आणि परत लावली नव्हती. इंजिन रबरावर बसलेलं. स्टार्टर १०० ॲम्पिअरहून जास्त करंट खेचतो, त्याला बॅटरीकडे परत जायला धातूची वाट हवी. नीट वाट नसल्यावर तो मिळेल त्या वाटेने जातो. आमच्याकडे एक चांगली वाट होती, क्लच वायर.

हिशेब केला. अडीच मिलिमीटर जाडीची एक मीटर पोलादी तार म्हणजे अंदाजे ०.०३ ओहम. त्यातून १०० ॲम्पिअर गेले तर ३०० वॅट. तारेचं वजन चाळीसेक ग्रॅम. पाच सेकंद स्टार्टर मारला आणि उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं, तर तार सुमारे ८० अंशांनी तापते. थंडीत सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, मामा चार-पाच वेळा स्टार्टर मारतात. आतून भाजणाऱ्या वायरला बाहेरचा आडोसा काय करणार?

हे ओळखणं सोपं आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा. आमचा त्याच्या कितीतरी वर होता. स्टार्टर सुस्त फिरणं हीसुद्धा त्याचीच खूण होती, पण आम्ही तो दोष बॅटरीवर टाकत होतो. काकांनी नवी पट्टी लावली, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज घासून काढला. नवी वायर घातली. तेव्हापासून क्लच लोण्यासारखा आहे.

शेवटी

या सगळ्यातून मी काय शिकले? जळलेली वायर ही फेकायची वस्तू नाही, ते पत्र आहे. एका बाजूने, एका जागी भाजली असेल तर बाहेरची उष्णता. पूर्ण लांबीत आणि टोकांना भाजली असेल तर करंट. भाजलेलीच नसून फक्त वळणावर झिजली असेल तर वाट चुकली आहे. आधी वाचा, मग पाना उचला. आम्ही पहिली वायर वाचली म्हणून आडोसा बरोबर जागी बसला. दुसरी वाचली नसती तर मामांनी हेडर काढला असता, खर्च केला असता, आणि पुढच्या हिवाळ्यात तिसरी वायर जळली असती.

दुसरी गोष्ट. जुन्या गाडीत एक बदल केला की त्याच्या शेजारचं काय काय बदललं हे हात फिरवून पाहा. हेडर बसवणाऱ्याने हेडर चांगलाच बसवला होता. वायर घालणाऱ्याने वायर चांगलीच घातली होती. घाटात अडकली ती आजी.

आणि जमेल तितकं मूळ सामान जपा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. मामांच्या माळ्यावर बिडाचं जुनं मॅनिफोल्ड पोत्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. खरा कायमचा उपाय तोच, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. मामा म्हणतात, "आवाज जाईल गं तिचा." यावर माझ्याकडे सूत्र नाही.

माघ महिन्यात आम्ही पुन्हा मोहटादेवीला गेलो. करंजी घाटात या वेळीही पुढे ट्रक होता. मामांनी क्लच दाबला, गाडी थांबली, क्लच सोडला, गाडी निघाली. आजीने मागे वळून मला विचारलं, "दगड घेतलेत ना गं सोबत?"

घेतले होते, आजी. इंजिनिअर झाले तरी दगड सोबत ठेवणार.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल